शॅनन, लासवेल आणि व्हॉट्सॲप: जुनी मॉडेल्स खरंच बाद झालीत का?

परभणीची_पोर
नमस्कार मंडळी. माझं एमए पत्रकारितेचं पहिलं वर्ष चालूय आणि सोबत सेटची (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेची) तयारी. कम्युनिकेशन मॉडेल्सचं, म्हणजे निरोप कसा पोचतो ते दाखवणाऱ्या चित्रांचं, प्रकरण कुठल्याही गाइडमधे उघडा, एकच तक्ता. आधी रेषीय मॉडेल, म्हणजे निरोप एकाच बाजूनं जातो, समोर लिहिलेलं तार आणि रेडिओ. मग आंतरक्रियात्मक, म्हणजे घेणारा उलट उत्तर (फीडबॅक) देतो, समोर टेलिफोन टीव्ही. मग व्यवहारात्मक, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात-ऐकतात आणि अर्थ दोघांत मिळून ठरतो, समोर इंटरनेट मोबाइल. म्हणजे मशीन सुधरत गेलं तसं मॉडेल सुधरत गेलं आणि मागचं भंगारात. पाठ करायला लई सोपंय पण सालं बघितली की गडबड वाटायली. शॅननचा पेपर १९४८, श्रामचं गोल फिरणारं मॉडेल १९५४, बार्नलंडचं व्यवहारात्मक १९७०. आता १९७० ला कुठला मोबाइल अन् कुठलं इंटरनेट, आजी म्हणते आमच्या गावात तेव्हा लाइटचे खांबसुद्धा नव्हते. मग टेक्नॉलॉजी बदलली म्हणून मॉडेल बदललं हे म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? वर्गात विचारलं तर पोरं म्हणली परीक्षेला जेवढं लागतं तेवढं कर. इथं जाणकार आहेत म्हणून विचारायले.

गोदाकाठचा_बबन
जगात जर्मनी भारतात परभणी! प्रश्न कडक आहे. उत्तर येत नाही, पण बसतो इथंच कोपऱ्यात.

प्रा_मांजरा
सालं तू बरोबर काढलीस पोरी. गाइडवाल्यांनी दोन याद्या घेतल्या, एक मॉडेलची एक यंत्रांची, आणि शेजारी शेजारी चिकटवून दिल्या. मी वर्गात मॉडेल शिकवताना आधी एवढंच विचारतो की हा प्रश्न पडला कुणाला होता आणि त्याचा पगार कोण देत होतं. क्लॉड शॅनन बेल लॅब्जमधला माणूस, म्हणजे टेलिफोन कंपनीचा. त्याला काय पाहिजे होतं, तर एका तारेतून चुका न होता जास्तीत जास्त किती माहिती जाईल त्याचा हिशोब. पेपरच्या सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की संदेशाचा अर्थ काय याच्याशी इंजिनियरिंगच्या प्रश्नाचं देणंघेणं नाही. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं, त्यात वॉरन वीव्हरनं स्वतःचा लेख जोडला आणि तीन पातळ्या मांडल्या: चिन्हं नीट पोचली का, अर्थ पोचला का, आणि समोरच्यानं त्याप्रमाणं काही केलं का. शॅननचं गणित पहिल्या पातळीचं. आपण त्याच्या चित्रातले डबे आणि बाण (पाठवणारा, चॅनल म्हणजे तार, घेणारा, मधे नॉइज म्हणजे खरखर) उचलले, नवराबायकोच्या भांडणाला लावले आणि वर म्हणतो शॅननला फीडबॅक कळला नाही. अरे त्याला तो प्रश्न विचारलाच कुणी होता!

लासवेलचं कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला, कोणत्या परिणामासह हे पण १९४८ चंच. तो प्रचाराचा अभ्यासक, पहिल्या महायुद्धातल्या प्रचारावर त्याचा प्रबंध होता, आणि प्रचार करणाऱ्याला हेच पाच प्रश्न पडतात. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि मंडळी १९४० ची अमेरिकेतली निवडणूक बघत होती, ओहायोच्या ईरी काउंटीत. तिथं दिसलं असं की रेडिओ आणि पेपर थेट मत फिरवतात ते फार कमी, आधी चार माहितगार माणसं ऐकतात वाचतात आणि मग त्यांच्याकडून बाकीच्यांकडं जातं. यालाच आपण द्विस्तरीय प्रवाह म्हणतो. आणि बार्नलंडच्या डोळ्यासमोर कुठलं मशीनच नव्हतं, समोरासमोर बसलेली माणसं होती.

जाता जाता एक. शॅननचा पेपर जुलै आणि ऑक्टोबर १९४८ अशा दोन हप्त्यांत छापला गेला. बरोबर मधल्या सप्टेंबरात आपल्याकडं पोलिस ॲक्शन झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. ती बातमी वाड्यावस्त्यांवर कशी कशी पोचली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, अजून आहेत तोवर.

लाइनमन_काका
सर छान लिहिलंत. मी टेलिफोन खात्यात आयुष्य घातलं, खांबावर चढून. मॉडेल बिडेल आम्हाला माहीत नव्हतं पण नातीच्या पुस्तकात ते चित्र बघितलं आणि त्या बाणाला खालून येऊन टोचणारा नॉइजचा डबा दिसला, म्हणलं अरे हे तर आपलं पोट! पहिला पाऊस झाला की तक्रारी सुरू. केबलच्या जॉइंटमधे पाणी गेलं की खरखर. दोन पेअर (तारांच्या जोड्या) एकमेकीला चिकटल्या की क्रॉसटॉक, म्हणजे आडत्याचा भाव सोयऱ्याच्या फोनमधे ऐकू यायचा अन् दुसऱ्या दिवशी मोंढ्यात बोंबाबोंब. डीपीची, म्हणजे लाइनी जोडायची, पेटी उघडायची, पेअर हुडकायची, टेस्ट फोन लावून एक्स्चेंजला हॅलो म्हणायचं, खरखर कुठून यायली ते कानानंच कळायचं.

आता मला एक सांगा, तारेतून एकाच बाजूनं जातं असं आम्ही कधी बघितलंच नाही. साधा काळा फोन घ्या. त्यात तुमचाच आवाज थोडासा तुमच्याच कानात यायचा, त्याला साइडटोन म्हणायचे. त्यामुळं माणसाला अंदाज यायचा आपण किती जोरात बोलायलोत. तो बारीक झाला की गिऱ्हाईक ओरडायला लागायचं. म्हणजे फीडबॅक तर फोनच्या पोटातच बसवलेला होता की.

आणि लग्नाची तार! शुभेच्छांची ठरलेली वाक्यं असायची, प्रत्येकाला नंबर. तुम्ही नुसता नंबर सांगायचा, तारेतून नंबरच जायचा, आणि पोचल्या ठिकाणी तिथला बाबू पूर्ण वाक्य लिहून द्यायचा. मांडवात वाचून दाखवायचे मोठ्यानं. पाठवणाऱ्यानं ते वाक्य कधी लिहिलंच नाही बरं का, तरी मुलीचा बाप डोळे पुसायचा. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली.

बिट_अन्_बाइट
काका तुम्ही तर सोर्स कोडिंगच सांगितलं! मी नांदेडचा, सध्या पुण्यात नोकरी, नेटवर्कमधेच. दोन्ही टोकांना एकच कोडबुक असलं की मधून फार कमी बिट (शून्य-एकची चिन्हं) पाठवावे लागतात, शॅननच्या गणिताचा तो अर्धा भाग. उरलेला अर्धा उलटा आहे: लाइन खराब असेल तर मुद्दाम जास्तीचं पाठवा म्हणजे काही गळालं तरी भरून काढता येतं. आजच्या फोनमधे, वायफायमधे, क्यूआर कोडमधे हेच चालतं. क्यूआर थोडा फाटला मळला तरी चहावाल्याचा स्कॅन होतो ना, त्यामुळंच. म्हणून शॅनन बाद झाला असं कुणी म्हणलं की मला हसू येतं, तुम्ही ते वाक्य ज्या फोनवरून टाइप केलं तो शॅननवर चालतो.

टाळकरी
जास्तीचं पाठवायचं म्हणलं की मला दवंडी आठवते. ऐका हो ऐका, मग तेच परत, मग पुढच्या चौकात परत तेच. आणि कीर्तनाचं काय? बुवा एक चरण म्हणणार, टाळकरी तोच उचलणार, मग बुवा दुसऱ्या अंगानं तेच सांगणार. मागच्या बाया पेंगायला लागल्या की बुवा चाल बदलतो नाहीतर "बोला पुंडलिक वरदा" करून सगळ्यांना बोलतं करतो. श्रोता आणि वक्ता एकाच वेळी चालू. पैठणला नाथांच्या षष्ठीला येऊन बघा, १९७० ची वाट कुणी बघितली नाही.

प्रा_मांजरा
टाळकरी बुवा, सिलॅबसात आता भारतीय मॉडेल म्हणून साधारणीकरण आहे, नाट्यशास्त्राच्या परंपरेतून घेतलेलं, भट्टनायकाचं नाव येतं त्यात. ऐकणारा सहृदय, म्हणजे बोलणाऱ्याशी मनानं जुळलेला, असल्याशिवाय संवाद पुरा होत नाही असं म्हणणं. पोरीनं हे उत्तरात घालावं, पण अडीच हजार वर्षांपूर्वीच आपल्याला सगळं माहीत होतं असल्या थाटात घालू नये.

निळी_शाई
सहृदयाचं कौतुक चाललंय म्हणून बोलते. दवंडी कोण पिटायचं हे कुणी लिहिलंच नाही. माझे पणजोबा हलगी वाजवून गावाला सांगायचे, वसुलीचं, यात्रेचं, कुणाच्या मयतीचं. आवाज त्यांचा, निरोप दुसऱ्याचा. आणि ज्या चावडीचा निरोप ते गावभर ओरडायचे त्या चावडीच्या पायरीवर बसायची मुभा नव्हती. शॅननच्या चित्रात चॅनल म्हणजे तार असते, तारेला काही म्हणायचं नसतं. आमच्या गावात चॅनल माणूस होता आणि त्याला म्हणायचं लई होतं. हे कुठल्या डब्यात बसवणार सर?

बाबासाहेबांना ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढावं लागलं ते छपाईचं मशीन नवीन आलं म्हणून नाही. मशीन होतंच, वर्तमानपत्रं ढिगानं होती. ज्यांच्या हातात होती ते आमचं छापत नव्हते. म्हणून कोण पाठवतो आणि कोण घेतो याच्या आधी कोण कुणाला पाठवू देतो हे विचारा.

प्रा_मांजरा
हा मुद्दा मोठा आहे ताई. गेटकीपर, म्हणजे काय पुढं जाऊ द्यायचं ते ठरवणारा, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनची, १९४० च्या दशकातली, आणि वेस्टली आणि मॅक्लीन यांनी १९५७ ला बातमीच्या प्रवासात मधला माणूस चित्रातच आणून बसवला. पण तो गेटकीपर म्हणजे संपादक, खुर्चीवर बसलेला. ज्याच्या तोंडातून निरोप जातो पण ज्याला तोंड नाही असा माणूस मला कुठल्याच छापील मॉडेलमधे दिसलेला नाही. मी हे वर्गात घेणार, तुमचं नाव न घेता, चालेल ना.

निळी_शाई
चालेल. पणजोबांचं पण घेऊ नका, गावाचं घ्या.

सोयाबीनवाला
राम राम. मी कृषी सहायक. नवीन तंत्रज्ञान म्हणजे जास्त दुतर्फा असं जे म्हणतात त्याच्यावर माझा एक दाखला. १९५६ ला पुण्याच्या आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं रेडिओ शेतकरी मंडळं काढली होती, पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावं. गावात एक रेडिओ, वीसेक शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, झाल्यावर चर्चा करायचे, आणि काय ठरलं काय अडलं ते लिहून स्टेशनला पाठवायचे, मग पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं. पॉल नॉयरथ म्हणून एकानं त्याचा अभ्यास केला, मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती बाकीच्या गावांपेक्षा चांगलीच वाढलेली दिसली. मराठवाड्यातलं एकही गाव नव्हतं त्यात, ते आपलं नशीब नेहमीचंच.

आणि मग वीस वर्षांनी आला उपग्रह. साइट, म्हणजे उपग्रहावरून गावांना शिक्षणाचे टीव्ही कार्यक्रम दाखवायचा प्रयोग, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, नासाचा एटीएस-६ उपग्रह एका वर्षासाठी उसना, सहा राज्यांतली २४०० गावं, शाळेसमोर जाळीची मोठी छत्री आणि टीव्हीचा सेट. तंत्रज्ञान कुठल्या कुठं गेलं आणि संवाद मात्र वरून खाली. टीव्ही बोलणार, गाव बघणार. जुनं मशीन दुतर्फा होतं आणि नवं एकतर्फी, लावा आता गाइडचा तक्ता.

उमरग्याचा_पाव्हणा
साइट!! माझं आजोळ गुलबर्ग्याकडं, तिथं होता हा टीव्ही. आई सांगते अख्खा गाव जमायचा संध्याकाळी, पहिल्या रांगेत पोरं, बाया मागं पदर तोंडाला लावून. शेतीचं सांगायचे कानडीतून. पण एकतर्फी होतं हे अर्धच खरंय साहेब. टीव्ही बंद झाल्यावर घरी जाताना जी चर्चा व्हायची ती कुठल्या संशोधकाच्या वहीत गेली नसंल. आजोबा म्हणायचे ह्यो टीव्हीतला माणूस कधी नांगरामागं चालला नाही, त्याचे हात बघा.

सोयाबीनवाला
हा हा, तेच. हात बघतात लोक. माझ्या आत्ताच्या गावात ग्रुप आहे व्हॉट्सॲपचा. २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी मी कामगंध सापळ्याचे (वासानं नर पतंग पकडणाऱ्या) फोटो टाकले, फवारणीचं प्रमाण टाकलं, व्हिडिओ टाकले. सगळ्यांना दोन निळ्या टिका. कुणी काही केलं नाही. मग कळलं की सगळे माझा मेसेज घेऊन कृषी सेवा केंद्रवाल्याकडं जातात आणि त्याला विचारतात, हे साहेब म्हणायलेत ते खरंय का. तो जे डबं काढून देईल ते फवारायचं. आता त्याला औषध विकायचंय, आणि त्याच्याकडं उधारी पण असते शेतकऱ्याची. ओहायोतल्या त्या माहितगार माणसाकडं उधारीची वही नसावी. दुसरी पायरी फुकटची नाही, हे लाझार्सफेल्डच्या पुढं जाऊन लिहा असं मी त्या पोरीला सांगीन.

गोदाकाठचा_बबन
उधारीची वही 😂 आमच्या भागात मतदान पण त्याच वहीवर होतं.

लाइनमन_काका
भूकंपाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी होतो, किल्लारीपासून लांब, पण खाट हलली. उजाडल्यावर जे सुरू झालं ते विसरणं नाही. बाहेरगावी असलेला प्रत्येक माणूस एकाच वेळी फोन फिरवायला लागला. आपल्याकडं बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्या. तेवढे कॉल लागायचे, बाकीच्यांना एंगेज. लाइन चांगली, खरखर नाही, तार तुटलेली नाही आणि तरी निरोप जाईना. एसटीडी बूथवर रांग, बूथवाला सगळ्यांचे नंबर वहीत लिहून घ्यायला लागला आणि एक कॉल लागला की त्याच कॉलवर चार घरांचे निरोप सांगायचा, अमक्याचे सगळे बरे आहेत, तमक्याची आई गेली. तो पोरगा विशीतला असंल. त्याला काय म्हणायचं, चॅनल का पाठवणारा का गेटकीपर?

बिट_अन्_बाइट
काका... इंजिनियर म्हणून सांगतो, तुम्ही म्हणता ते चॅनलच्या क्षमतेचं आणि एक्स्चेंजच्या ट्रॅफिकचं गणित, आणि त्या पोरानं जे केलं त्याला आम्ही मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे एकाच लाइनीवर अनेक निरोप, म्हणू. पण असं म्हणून काही सांगितल्यासारखं वाटत नाही मला.

विषय थोडा हलका करतो. मिस कॉल. आपल्याकडं १९९५ ला मोबाइल आले तेव्हा येणाऱ्या कॉलला पण पैसे लागायचे, ते बंद झाले २००३ ला. पण करणाऱ्याला लागतच होते, म्हणून मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. कंपनीला दमडी नाही आणि निरोप पोचला. शॅननच्या भाषेत एखादा बिट. आता तीच एक रिंग रात्री दोन वाजता गावाकडच्या नंबरवरून आली तर? बिट तेवढाच, पण होस्टेलवरच्या पोराची झोप उडते. हे समजायला बार्नलंड लागतो, शॅननकडं मागून उपयोग नाही. एकाच मिस कॉलला दोन्ही मॉडेल लागतात, एकाच वेळी, म्हणून पायऱ्या पायऱ्यांचा तक्ता मला पटत नाही.

परभणीची_पोर
मंडळी मी वही भरून टाकली. पण एक अजून. मग टेक्नॉलॉजीनं काहीच बदललं नाही असं म्हणायचं का? ते पण पटत नाहीये.

प्रा_मांजरा
नाही, तसं म्हणलीस तर मार्क जातील आणि गेलेच पाहिजेत. तंत्रज्ञान बदललं की कुठला प्रश्न टोचायला लागतो ते बदलतं. २०२३ ला आठवतं का, सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, खिशातले सगळे मोबाइल एकदम किंचाळले. सेल ब्रॉडकास्ट, टॉवरकडून फोनकडं, उत्तर द्यायची सोयच नाही. शुद्ध रेषीय, १९४८ चं चित्र जिवंत. आणि पुढच्या मिनिटाला प्रत्येक ग्रुपवर काय, तर तुला पण आला का, माझाच हॅक झाला का, हे कशाचं आहे. इशाऱ्याचा अर्थ लोकांनी आपसात बसून ठरवला. वीज पडून माणसं मरतात आपल्याकडं दरवर्षी, दामिनी ॲप आहे त्यासाठी, तिथं रेषीय मॉडेलच चोख चाललं पाहिजे, गप्पा नकोत. तिथं प्रश्न शॅननचा. आणि धुळ्याकडं राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पोरं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं, तिथं प्रश्न शॅननचा नाहीच. मेसेज बिनचूक पोचला होता, एक अक्षर गळालं नव्हतं. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल असं केलं. म्हणजे काय केलं बघ, सुटलेल्या निरोपाच्या वाटेत मुद्दाम अडथळा घातला. टेलिफोन कंपनीच्या डोक्यात हे कधी आलं नसतं.

निळी_शाई
आणि रील कुणाला दिसणार हे ठरवणारा गेटकीपर आता माणूस पण नाही. संपादकाकडं जाऊन भांडता तरी यायचं. माझ्या भाच्याची शाहिरी शंभरभर लोकांपुढं जात नाही आणि शेजारचा पोरगा ट्रॅक्टर उलटवतो त्याला लाख. तरी एक सांगते, पणजोबा दुसऱ्याचा निरोप ओरडायचे आणि भाचा स्वतःचा म्हणतो, शंभरांपुढं का होईना. हा बदल फोननं केला, हे मी नाकारणार नाही.

बिट_अन्_बाइट
त्यात अजून एक. तुम्ही किती सेकंद थांबलात ते मशीन मोजतं आणि पुढचं ठरवतं. फीडबॅक तर जातोय पण ज्यानं रील बनवली त्याच्याकडं नाही, आधी कंपनीकडं. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरनं १९४८ लाच सायबरनेटिक्स या पुस्तकात फीडबॅकचं मांडून ठेवलंय, विमान पाडणाऱ्या तोफेचा नेम वगैरेच्या अभ्यासातून. आता तोफ कोण आणि विमान कोण ते ज्याचं त्यानं बघा.

सोयाबीनवाला
पोरी, लघुप्रबंध करणार असशील तर पुण्या मुंबईचं नको, आपल्याच दोन चार गावांचे ग्रुप घे. मेसेज कुणी टाकला, तो खरा का खोटा हे विचारायला लोक कुणाकडं गेले, आणि शेवटी केलं काय, एवढंच लिहून काढ.

निळी_शाई
आणि "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" हे सेटिंग कुठल्या ग्रुपला लावलंय, कधी लावलं आणि त्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर काय झालं होतं, ते विचारच.

परभणीची_पोर
हे भारी आहे ताई! विषय हाच. माझ्या मार्गदर्शक सरांना उद्याच दाखवते. गावं कुठली घेऊ, पूर्णा तालुक्यातली चालतील का? तिकडं मावशी आहे, राहायची सोय होईल.

लाइनमन_काका
पूर्णेला ये की, माझी निम्मी नोकरी त्या भागात झाली, ओळखी काढून देतो. आमच्याच गल्लीच्या ग्रुपपासून सुरू कर. नळाला पाणी कधी येतंय विचारणारे फार झाले म्हणून मागच्या आठवड्यात ते सेटिंग लावलंय, ॲडमिन सरपंचाचा मेहुणा. आता फक्त गुड मॉर्निंग येतं, पाण्याचं विचारायचं तर त्याच्या घरी जावं लागतं, आणि तो घरी नसतो.